माळढोक आणि कायद्याची सव्वाशे वर्षे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इसवी सन १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. हा आकडा कुणा टीकाकाराने शोधून काढलेला नाही. शिकाऱ्यांच्या दुनियेत तो कौतुकाचा होता, म्हणूनच तो मोजला गेला, १८८० मध्ये छापला गेला आणि आजही पक्षीशास्त्राच्या लेखांत उतरवला जातो. हिशेब केला तर आठवड्याला जवळपास एक पक्षी पडतो. या काळातली पहिली आठ-नऊ वर्षे पेशवाई अजून बुडायची होती. म्हणजे कंपनी सरकारचा कलेक्टर नगरला स्थिरस्थावर होण्याआधीच कंपनीची बंदूक नगरच्या माळावर पोचली होती.

हे गृहस्थ एवढे पक्षी मारू शकले, याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. नगरच्या माळावर तेवढे पक्षी होते. माळढोक म्हणजे काही चिमणी नव्हे. नर उभा राहिला की उंची मीटरभर, वजन पंधरा किलोच्या घरात. जगात उडू शकणारे जे मोजके वजनदार पक्षी आहेत, त्यांत याची गणना होते. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, त्या आवाजावरून जुनी माणसे त्याला ‘हूम’ म्हणत. मादी उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता, वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा मेंढरांच्या पायांनी ते गेले, की त्या वर्षाचा हंगाम संपला. असा पक्षी हजारोंनी टिकायचा तर माळ मोठा हवा, मोकळा हवा आणि निवांत हवा. दोनशे वर्षांपूर्वी कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या भागांत तसा माळ होता. आज सबंध देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. नगर जिल्ह्यात तो दिसेल या भरवशावर कुणी घराबाहेर पडू नये.

या दोन टोकांच्या मध्ये कायदे आले. एक नव्हे, अनेक आले. गंमत अशी, की जवळजवळ प्रत्येक कायद्यात माळढोकाला जागा होती.

हिंदुस्थानात वन्य प्राण्यांसाठी पहिले कायदे झाले ते हत्तीसाठी. मद्रास इलाख्यात १८७३ मध्ये आणि ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १८७९ मध्ये. हत्ती सरकारच्या कामाचा प्राणी होता, तोफा ओढणारा, लाकूड वाहणारा. त्यामुळे त्याची काळजी सरकारला वाटणे स्वाभाविकच. पक्ष्यांचा पहिला कायदा १८८७ चा. तो होता मोठा मजेशीर. रानात जाऊन पक्षी मारू नका असे तो म्हणत नव्हता. नगरपालिकेच्या किंवा लष्करी छावणीच्या हद्दीत, विणीच्या हंगामात, ताजा मारलेला पक्षी बाळगू वा विकू नका, असा नियम करण्याची मुभा तो देत होता. नगर हे नगरपालिकेचेही गाव आणि छावणीचेही. म्हणजे कायद्याचा हात फार तर नगरच्या बाजारापर्यंत पोचणार. मिरजगावच्या माळावर काय चालले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पुढे १९०२ मध्ये सरकारने पक्ष्यांची पिसे आणि कातडी परदेशी पाठवायला बंदी केली. विलायतेतल्या बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची कत्तल चालली होती, त्याला तो अडसर होता.

खरा अखिल हिंदुस्थानी कायदा झाला १९१२ मध्ये, वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा. त्याला एक यादी जोडली होती, आणि त्या यादीत पहिलेच नाव माळढोकांच्या कुळाचे होते. इंग्रजी मुळाक्षरांचा तो योगायोग, तरीपण पहिले ते पहिले. या कायद्याने प्रांतिक सरकारांना ‘बंद हंगाम’ ठरवायचा अधिकार दिला. त्या काळात यादीतला प्राणी मारला, धरला वा विकला तर ५० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केले तर महिनाभर कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड. बंद हंगाम संपला की मारायला मोकळीक. या कायद्यामागची दृष्टी प्राणी वाचवण्याची नव्हती, शिकार वाचवण्याची होती. पुढल्या हंगामात साहेबाला नेम धरायला काही तरी शिल्लक राहिले पाहिजे, एवढाच हेतू. तरी मी या कायद्याला नावे ठेवणार नाही. रानातल्या जिवाला मारण्याला वर्षातले काही महिने तरी मनाई असू शकते, ही कल्पना त्याने रुजवली.

आता याच माळावरचा दुसरा माणूस पाहा. फासेपारधी. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर फास लावून तित्तर, लावा, ससे धरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. साहेब हौसेसाठी मारी, पारधी पोटासाठी. पण इंग्रज सरकारच्या दप्तरात साहेब ‘स्पोर्ट्‌समन’ झाला आणि पारधी ‘गुन्हेगार जमात’ झाला. तो गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिकारीला परवाना, बंदुकीला परवाना, परवान्याला फी, अशी व्यवस्था आली तेव्हा त्यात पारध्याला जागा नव्हती. फासाचा परवाना कोण देणार? आणि १९७२ नंतर तर त्याचा धंदाच बेकायदा ठरला. प्राणी वाचवण्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, यात मला शंका नाही. परंतु ज्याच्या हातातला फास काढून घेतला, त्याच्या हातात दुसरे काय दिले, हा प्रश्न आपल्याकडे कायदा करताना कुणी फारसा विचारला नाही. या गोष्टीचा संबंध पुढे माळढोकाशीही येतो.

स्वातंत्र्यानंतर जंगली जनावरांचे बरे दिवस येतील असे वाटले होते, ते आले नाहीत. संस्थानिकांची राखीव शिकाररानं मोकळी झाली. लढाईनंतर जीपगाड्या स्वस्त मिळू लागल्या, पिकांच्या राखणीसाठी बंदुकांचे परवाने सढळपणे वाटले गेले. जीपमध्ये बसून, प्रखर दिवा मारून, रात्री काळवीट आणि चिंकारा टिपायचे, हा माळावरचा नवा खेळ झाला. माळढोकाचे आणखी एक दुर्दैव असे, की पायी येणाऱ्या माणसाला तो दूरवरून हेरतो, पण बैलगाडीला किंवा जीपला तितका बुजत नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा केला, केंद्रात १९५२ मध्ये भारतीय वन्यजीव मंडळ स्थापन झाले. पण राज्यघटनेत हा विषय राज्यांच्या यादीत होता. एका राज्यात बंदी, शेजारच्या राज्यात खुले, असा कारभार. पक्ष्याला सीमा कळत नाही आणि शिकाऱ्याला ती चांगली कळते.

याच काळात राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली. डॉ. सालीम अली यांचे मत माळढोकाच्या बाजूने होते. त्यांचे म्हणणे असे, की मोराला संरक्षणाची गरज नाही, लोक त्याला देवाचे वाहन म्हणून सांभाळतातच. गरज आहे ती माळढोकाला. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकाचे इंग्रजी नाव उच्चारताना किंवा छापताना जरा चूक झाली तर शिवी होते, म्हणून त्याचा नंबर हुकला असेही गमतीने सांगतात. खरे कारण काहीही असो, १९६९ च्या सुमारास देशभरातल्या माळढोकांचा अंदाज केला गेला तो साधारण १,२६० पक्ष्यांचा. एका साहेबाने वीस वर्षांत एका जिल्ह्यात मारलेल्या पक्ष्यांपेक्षा सबंध देशात फार तर तीनशे जास्त.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. विषय राज्यांचा असल्याने घटनेच्या २५२ व्या कलमाचा आधार घ्यावा लागला. राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला कायदा करायला सांगायचे आणि मग संसदेने तो करायचा. मसुदा तयार करण्यात पुढाकार होता तो एम. के. रणजितसिंह या सनदी अधिकाऱ्याचा. वांकानेरच्या राजघराण्यातला हा माणूस. हे नाव लक्षात ठेवा, ते शेवटी पुन्हा येणार आहे. या कायद्यात प्राण्यांच्या अनुसूची होत्या आणि पहिली अनुसूची सर्वांत कडक. माळढोक तिच्यात गेला, काळवीटही गेले. पहिल्या अनुसूचीतला प्राणी कोणत्याही हंगामात, कोणत्याही परवान्याने हौसेखातर मारता येणार नाही. ‘बंद हंगाम’ ही भाषा माळढोकापुरती संपली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्यजीवांचा विषय समवर्ती यादीत आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारेही जवळपास बंद झाली. आज पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ५० रुपयांपासून आपण इथवर आलो.

पण कायद्यात दुसरे हत्यारही होते, अभयारण्याचे. आणि नगर जिल्ह्याची खरी कथा इथे सुरू होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे पक्षीअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून वनखात्याने तिथे काही तुकडे राखले होते, चराईबंदीने गवत वाढले होते आणि त्या गवतात माळढोक वीण करत होता. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. असद रहमानी यांनी ऐंशीच्या दशकात तिथे तपशिलाने अभ्यास केला. त्याआधीच, १९७९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने माळढोक अभयारण्य जाहीर करून टाकले होते. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि आपल्या जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदे, नेवासे. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. सबंध नगर जिल्हा सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे त्याच्या निम्म्याएवढे. ताडोबा-अंधारीचा मूळचा व्याघ्रप्रकल्प सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. वाघाला सव्वासहाशे आणि माळढोकाला साडेआठ हजार!

हेतू वाईट नव्हता. माळढोक एका जागी राहणारा पक्षी नाही. आज नान्नज, उद्या करमाळा, परवा कर्जत, असे त्याचे फिरणे. तेव्हा तो जिथे जाईल तिथे संरक्षण असावे, हा विचार तर्काला धरून होता. पण त्या रेषांच्या आत वनखात्याची जमीन होती अगदी थोडी. बाकी सगळी शेते, गायराने, वाड्या, बाजारपेठा, एसटी स्टँड, पंचायत समितीची कचेरी. तालुक्याचे गाव अभयारण्यात आणि साखर कारखानाही अभयारण्यात. ‘अरण्य’ या शब्दाची एवढी ओढाताण दुसरीकडे कुठे झाली असेल असे मला वाटत नाही.

आता कायद्याचे कलम काय सांगते ते पाहा. अठराव्या कलमाखाली अधिसूचना निघाली की जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची, जाहीरनामा काढायचा, कुणाचा हक्क ठेवायचा, कुणाचा भरपाई देऊन घ्यायचा ते ठरवायचे. आणि विसावे कलम म्हणते, की अधिसूचनेनंतर त्या जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होणार नाही. वारसाने जमीन मिळेल, खरेदीने नाही. जंगलाच्या पोटात दोन-चार पाडे असतील तर हे कलम चालते. तीन तालुके असतील तर? मुलीच्या लग्नासाठी अर्धा एकर विकायचा, विहिरीसाठी जमीन तारण ठेवायची, बिगरशेती करून दुकान काढायचे, यांतल्या कशालाही कायद्याचे बोट आडवे येऊ शकते. सुरुवातीची कितीतरी वर्षे हे कलम कुणी फार मनावर घेतले नाही. व्यवहार होत राहिले, अभयारण्य फायलीत राहिले.

दरम्यान माळ मात्र बदलत होता. मुळा धरणाचे पाणी नेवाशाला आले, घोड आणि कुकडीचे श्रीगोंद्याला, पुढे कर्जतकडे. ज्या जमिनीत कुसळी गवत आणि फार तर मटकी, हुलगा, बाजरी होई, तिथे ऊस उभा राहिला. दुष्काळी भागाला पाणी मिळाले याचे वाईट वाटून घेण्याचे काही कारण नाही. ज्या माणसाने रोजगार हमीच्या खडीवर दिवस काढले, त्याला कॅनॉलचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण माळढोक उसात राहू शकत नाही. त्याला चौफेर दिसले पाहिजे. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या शेतात तो येतो, टोळ आणि भुंगेरे वेचतो, शेतकऱ्याचे भलेच करतो. उसात, द्राक्षबागेत त्याला वाव नाही. जे माळ उसातून वाचले, ते महसुलाच्या भाषेत ‘पडीक’ आणि ‘पोटखराबा’. पडीक म्हटले की तिथे झाडे लावायची सरकारी हौस येते. गिरिपुष्प, सुबाभूळ लावून गवताळ रान झाकून टाकायचे आणि वृक्षारोपणाचा आकडा कळवायचा. माळरान ही निसर्गाचीच एक घडी आहे, बिघडलेले जंगल नव्हे, हे आपल्या कागदपत्रांना फार उशिरा कळू लागले.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले, की अभयारण्यांच्या अर्धवट राहिलेल्या चौकश्या वर्षभरात पुऱ्या करा. १३ नोव्हेंबर २००० रोजी आणखी एक आदेश आला, न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणत्याही अभयारण्याचे क्षेत्र कमी करायचे नाही. देशातल्या जंगलांसाठी हा आदेश ढालीसारखा ठरला. आपल्याकडे मात्र त्याने पेच घातला. फायलीतले अभयारण्य गावात आले, आणि मागे घ्यायचे तर आता मुंबईच्या हातात काही नव्हते. रस्ता, औद्योगिक वसाहत, जमिनीचे व्यवहार, जिथे तिथे ‘माळढोक’ हा शब्द अडथळ्याला समानार्थी झाला. ज्यांनी उभ्या जन्मात माळढोक पाहिला नाही, त्यांनाही तो नकोसा झाला. सभांतून विचारले जाऊ लागले, पक्षी मोठा की माणूस? समित्या झाल्या, प्रस्ताव दिल्लीला गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अखेर २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ वरून १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. १८८७ चा पहिला कायदा धरला तर बरोबर सव्वाशे वर्षे झाली होती. आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, आंतरराष्ट्रीय यादीत माळढोक ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात गेला होता.

मला विचाराल तर दोष कडकपणाचा नव्हता, मापाचा होता. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे १९८१ मध्ये माळढोकासाठीच अभयारण्य झाले. तेही बहुतांशी लोकांच्या शेतजमिनींवर. आधी संख्या वाढली, मग जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांनी लोक चिडले, आणि नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. शेवटी ते अभयारण्यच रद्द झाले. शेतकऱ्याच्या रानात उतरणाऱ्या पक्ष्याला शेतकऱ्याशी भांडून कसे वाचवणार? खासगी आणि गावाच्या जमिनीवर, लोकांच्या संमतीने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ करता येईल अशी तरतूद कायद्यात आली ती २००२ मध्ये. १९७९ मध्ये ती असती, आणि वीण होणाऱ्या शे-दोनशे एकरांच्या माळासाठी गावाला काही मोबदला मिळाला असता, मेंढपाळांशी चराईचे दिवस ठरवून घेतले असते, फासेपारध्याला माळाचा राखणदार म्हणून पगार मिळाला असता, तर कर्जतच्या माळावर आज काय चित्र असते, याचा विचार मनात येतो. माळावरची अंडी कुठे असतात हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

लहान मापाचा अनुभव आपल्याच जिल्ह्यात आहे. कर्जत तालुक्यात देऊळगाव-रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांचे अभयारण्य झाले. क्षेत्र किती? फक्त २.१७ चौरस किलोमीटर. सगळी जमीन वनखात्याची, सीमा स्पष्ट, राखण शक्य. काळवीट वाढले, इतके की रात्री कुंपण ओलांडून आजूबाजूच्या ज्वारी-तुरीत शिरतात. शेतकरी वैतागतात, पंचनामे होतात, नुकसानभरपाईसाठी हेलपाटे होतात. कटकट आहेच, पण ती जिवंत प्राण्याची कटकट आहे. अर्थात काळविटाची मादी पुढल्या वर्षी पुन्हा पाडस देते आणि कळप दोन चौरस किलोमीटरमध्ये मावतो. माळढोकाचे तसे नाही. त्यामुळे रेहेकुरीचे माप उचलून जसेच्या तसे त्याला लावता येणार नाही, हेही कबूल केले पाहिजे.

आता माळढोकाला बंदुकीचे भय फारसे राहिलेले नाही, त्याचा नवा शत्रू आहे विजेची तार. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि देह इतका जड, की ऐन वेळी वळता येत नाही. सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प उभे राहिले तेही मोकळ्या माळांवरच. १९७२ च्या कायद्याच्या मसुद्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच रणजितसिंह ऐंशीच्या घरात असताना या तारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने त्या भागातल्या तारा जमिनीखालून न्या असा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तोच आदेश न्यायालयाने सैल केला. स्वच्छ ऊर्जेचीही देशाला गरज आहे, दोन्हींचा मेळ घाला, असे म्हणत तज्ज्ञांची समिती नेमली. इकडे राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथे माळढोकांची अंडी उबवून पिले वाढवण्याचे केंद्र चालू आहे, २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिलूही जन्मले.

महाराष्ट्राचे अभयारण्य कागदावर आणि काही ठिकाणी माळावरही कायम आहे. नान्नजला एखादी मादी दिसली तर वर्तमानपत्रात बातमी येते. सर्वोच्च न्यायालयातले ते तारांचे आदेश राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकांच्या क्षेत्रापुरते आहेत. करमाळा, कर्जत, श्रीगोंद्याच्या माळांवरून जाणाऱ्या तारा त्यात येत नाहीत.